दहावीच्या पुढची पायरी

(सतरा सप्टेंबरच्या निमित्ताने भालकीत जमलेल्या सीमाभागातल्या विद्यार्थ्यांसमोर केलेलं भाषण. जसं बोलले, जवळपास तसंच ठेवलं आहे.)



आज सतरा सप्टेंबर. १९४८ साली याच दिवशी निजामाची राजवट संपली. आज सकाळी तिकडं उदगीरला झेंडा लागला तो मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचा. इकडं भालकीत लागला तो कल्याण कर्नाटक उत्सवाचा. दोन्हीकडं तिरंगाच. लढाही एकच होता. ज्या स्वामी रामानंद तीर्थांनी तो लढा चालवला, त्यांचा जन्म आजच्या कर्नाटकातल्या विजयपुरा जिल्ह्यातला, सिंदगीचा. आणि त्यांच्या नावाचं विद्यापीठ कुठं आहे? नांदेडला. म्हणजे आपण सगळे किती सरमिसळ आहोत बघा.

मग १९५६ चा एक नोव्हेंबर आला. हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. आपला बीदर जिल्हा तर अख्खाच चिरला गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर तिकडं मुंबई राज्यात गेले. जहिराबाद, नारायणखेड आंध्रात गेले. भालकी, हुमनाबाद, औराद, बीदर इकडं म्हैसूर राज्यात आले. ही गोष्ट तुम्ही आजोबांकडून शंभरदा ऐकली असेल, म्हणून मी ती पुन्हा सांगत बसत नाही.

मला आयोजकांनी सांगितलं होतं की अस्मितेवर बोल. मी राज्यशास्त्राची विद्यार्थिनी आहे, अस्मितेवर मला तासभर बोलता येईल. पण आज मी ॲडमिशनवर बोलणार आहे. दहावी झाल्यावर जून महिन्यात कॉलेजच्या खिडकीसमोर मार्क्स कार्ड घेऊन उभं राहतो ना आपण, त्या खिडकीवर बोलणार आहे.

माझंच सांगते. औराद तालुक्यातल्या आमच्या गावात मी मराठी माध्यमातून शिकले. शाळा कर्नाटक सरकारची, पुस्तकं कर्नाटक सरकारची, भाषा मराठी. एसएसएलसीचे पेपर मराठीतून लिहिले. चांगले मार्क पडले. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पेढे वाटले. मग पीयूला ॲडमिशन घ्यायला तालुक्याला गेलो. फॉर्मवर एक रकाना होता, भाषा विषय कोणता. मी लिहिलं, मराठी. खिडकीतल्या सरांनी फॉर्म परत दिला. "मराठी इल्लम्मा. हिंदी तगोरी." मराठी नाही, हिंदी घ्या.

सर वाईट नव्हते. उलट त्यांनीच मला पेन दिलं, कुठं खोडायचं ते दाखवलं. पीयूच्या परीक्षेत मराठी हा भाषा विषय आहे, कागदावर आजही आहे. त्या कॉलेजात मराठीची जागाच नव्हती, लेक्चरर नव्हता, म्हणून विषय नव्हता. मी खोडलं आणि हिंदी लिहिलं. दहा वर्षांची शाळेतली मराठी त्या एका रेघेत संपली.

मी सायन्स घेतलं होतं. फिजिक्सच्या तासाला पुस्तक इंग्रजी, सर समजावून सांगायचे कन्नडमधून, आणि मी डोक्यात मराठी करत बसायचे. ॲक्सलरेशन म्हणजे काय ते मला कळेना. पंधरा दिवसांनी कळलं की हे आपलं त्वरण आहे. त्वरण मला येत होतं हो! नववीत मी त्यावरची गणितं सोडवली होती. मला विषय येत होता, त्याचं नवं नाव येत नव्हतं. पण चाचणीत तुम्हाला विषय येतो की नाव येतं, हे कुणी वेगळं विचारत नाही. मार्क एकच पडतो. माझा पडला नापासाचा. दिवाळीनंतर मी आर्ट्सला आले.

आज मला राज्यशास्त्र आवडतं, त्यामुळं माझं वाईट झालं असं मी म्हणणार नाही. पण आमच्या दहावीच्या वर्गातल्या मुलींचं मी मोजून सांगू शकते. मुलं उदगीरला गेली, लातूरला गेली, खोली करून राहिली. मुलींना घरून कोण पाठवतंय? ज्या मुलीला जवळच्या कॉलेजात जमलं नाही, ती घरी बसली. माझी चुलत बहीण माझ्यापेक्षा हुशार होती. फर्स्ट पीयूला दोन विषय राहिले, घरच्यांनी लग्न उरकून टाकलं. "शिकायचं डोकं नव्हतं तिला," असं आमची काकू आजही म्हणते. तिला डोकं होतं. पायरी नव्हती.

आता जरा अभ्यासाचं बोलू. ही पायरी का नाही?

राज्यघटनेत कलम ३५० क आहे. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीनं ते आलं. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून शिकायची सोय राज्यानं करावी, असं ते सांगतं. पण नीट वाचा. त्यात शब्द आहे, प्राथमिक शिक्षण. त्याच्यापुढं माध्यमिकसाठी १९६१ च्या मुख्यमंत्र्यांच्या परिषदेत सर्व राज्यांनी मिळून काही गोष्टी कबूल केल्या. प्राथमिकला शाळेत ४० किंवा वर्गात १० मुलं त्या भाषेची असतील तर त्या भाषेतून शिकवायचं. माध्यमिकला शेवटच्या चार वर्गांत मिळून ६० आणि प्रत्येक वर्गात १५ मुलं असतील तर सोय करायची. आपल्या मराठी शाळा, हायस्कुलं ज्या काही टिकून आहेत, त्यांना हा आधार आहे.

आणि पीयूला? आयटीआयला? डिप्लोमाला? डिग्रीला? तिथं माध्यमाचा असा आकडाच नाही. म्हणजे ज्या मुलाला सरकारनं स्वतः दहा वर्षं मराठीतून शिकवलं, तेच सरकार अकरावीच्या दारात म्हणतं, आता इंग्रजी किंवा कन्नड, बघ तुझं तू. दहा पायऱ्या बांधल्या, अकरावी बांधलीच नाही, आणि मग पडणाऱ्याला विचारायचं, तुला चढता येत नाही का?

हे फक्त कर्नाटकाचं आहे असं समजू नका. दोन्ही सरकारांची एक गंमत सांगते.

महाराष्ट्र सरकार इंजिनिअरिंगसारख्या अभ्यासक्रमांत सीमाभागातल्या मुलांसाठी जागा ठेवतं. आपली ८६५ गावं म्हणतो ना, त्यांच्यासाठी. गाव वादग्रस्त भागात येतं आणि मातृभाषा मराठी आहे, असे दाखले द्यायचे. चांगली गोष्ट आहे, आपल्यातल्या काहींना त्याचा फायदा झालाय. आता पलीकडं बघा. कर्नाटकाच्या सीईटीच्या नियमांत गडिनाडू कन्नडिगांसाठी असंच एक कलम आहे. अक्कलकोट, जत, दक्षिण सोलापूर, गडहिंग्लज इथल्या कन्नड बोलणाऱ्या मुलांना त्यात पात्रता मिळते. म्हणजे मुंबईला भालकीच्या मराठी मुलाची काळजी आहे, बंगळुरूला जतच्या कन्नड मुलाची काळजी आहे. दोघंही दुसऱ्याच्या अंगणातल्या लेकराला खाऊ देतात. पण स्वतःच्या अंगणातल्या, वेगळी भाषा बोलणाऱ्या लेकराकडं कोण बघणार? जत, अक्कलकोटची कन्नड शाळेतली पोरगी दहावीनंतर माझ्यासारखीच खिडकीसमोर उभी असणार, तिथं "कन्नड नाही, मराठी घ्या" असं ऐकत असणार. ती माझी विरोधक नाही, माझी मैत्रीण आहे. आम्ही कधी भेटलो नाही एवढंच.

आणखी एक उदाहरण. नीटची परीक्षा तेरा भाषांत होते. त्यात मराठी आहे, कन्नड आहे. आपल्याला वाटतं, वा, छान. पण माहितीपुस्तिका वाचा. मराठीची प्रश्नपत्रिका महाराष्ट्रातल्या केंद्रांवर. कन्नडची कर्नाटकातल्या केंद्रांवर. बीदरच्या केंद्रावर तुम्हाला इंग्रजी मिळेल, हिंदी मिळेल, उर्दू मिळेल, कन्नड मिळेल. मराठी पाहिजे तर केंद्र महाराष्ट्रातलं घ्या. या देशात भाषा माणसाच्या तोंडात नसते, नकाशावर असते, असं सरकारी नियमांना वाटतं. माणूस मात्र सीमेच्या रेघेवरच राहतो.

आता आपल्या भागातल्या कॉलेजांचं बघू. आपल्याकडं कॉलेजं नाहीत अशी परिस्थिती अजिबात नाही. निजामाच्या काळात उच्च शिक्षण म्हणजे हैदराबादचं उस्मानिया, १९१८ चं, आणि तेही उर्दूतून. तेव्हा मराठी, कन्नड, तेलुगू तिघंही एकाच पायरीवर अडखळायचे. लोकांनी स्वतः शाळा काढल्या. १९०७ साली कलबुर्गीत नूतन विद्यालय निघालं. विलीनीकरणानंतर, १९५८ ला, महादेवप्पा रामपुरे यांनी हैदराबाद कर्नाटक शिक्षण संस्था उभी केली. त्याच वर्षी तिचं इंजिनिअरिंग कॉलेज सुरू झालं, पुढं १९६३ ला मेडिकल. आज त्या एका संस्थेच्या शाखा कलबुर्गी, बीदर, रायचूर अशा पसरलेल्या आहेत. भालकीत शांतिवर्धक संस्थेचं जाळं आहे. बीदरला १९८९ ला सुरू झालेल्या शाहीनची कॉलेजं आज अनेक राज्यांत आहेत, आणि महाराष्ट्रातली मुलं नीटसाठी बीदरला येऊन राहतात. १९८० चं गुलबर्गा विद्यापीठ आहे. आळंद तालुक्यात कडगंचीला २००९ पासून केंद्रीय विद्यापीठ आहे. २०२३ पासून बीदर विद्यापीठ वेगळं झालं.

वर कलम ३७१ जे आहे. २०१२ ची ९८ वी घटनादुरुस्ती. त्यामुळं आपल्या भागातल्या कॉलेजांत ७० टक्के जागा स्थानिकांना मिळतात. हे कलम तुम्ही कुठले हे विचारतं, तुमची भाषा विचारत नाही. मराठी बोलणारा आळंदचा मुलगा आणि कन्नड बोलणारा चिंचोळीचा मुलगा दोघंही सारखे स्थानिक. हे आपण मोठ्या मनानं मान्य केलं पाहिजे. ३७१ जेनं आपल्याला दार उघडून दिलं. आता उंबरठ्याच्या आतलं बोलायचं आहे.

आत काय आहे? एक संस्था, दहा गावांत कॉलेजं. औरादच्या वर्गात मराठी घरातली मुलं, बीदरच्या वर्गात कन्नड, उर्दू, मराठी तिन्ही, कलबुर्गीच्या वर्गात आणखी वेगळं मिश्रण. पण सगळीकडं फॉर्म एकच, पुस्तक एकच, शिकवायची पद्धत एकच. वर्गात तीन भाषा आहेत हे प्रत्येक लेक्चररला माहीत असतं. आमचे काही सर तर हळूच मराठीत समजावून सांगतात, "बाळा, हे असं असतंय बघ." ते चांगुलपणानं सांगतात. मी म्हणते, जी गोष्ट सरांच्या चांगुलपणावर चालते ती कॉलेजच्या नियमात का नसावी?

याच प्रश्नाचा अभ्यास करताना मला एक लांबचं उदाहरण सापडलं. ब्रिटनमध्ये वेल्स नावाचा देश आहे. तिथली भाषा वेल्श. एकोणिसाव्या शतकात तिथल्या शाळांत वेल्श बोलणाऱ्या पोराच्या गळ्यात लाकडाचा तुकडा अडकवायचे. तो तुकडा ज्याच्या गळ्यात दिवसाच्या शेवटी, त्याला मार. आज तिथं काय आहे? २०११ च्या कायद्यानं वेल्शला अधिकृत दर्जा आहे, भाषा आयुक्त आहे, आणि २०५० पर्यंत दहा लाख वेल्श बोलणारे करायचे असं सरकारनं ठरवलंय. २०२१ च्या जनगणनेत ते साडेपाच लाखांच्या आत होते.

त्या वेल्सच्या उत्तर भागात लांड्रिलो मेनाई नावाचा कॉलेजांचा एक समूह आहे. २०१२ साली कॉलेजं एकत्र येऊन तो झाला. आपल्याकडं पीयू, आयटीआय, डिप्लोमा म्हणतो, साधारण त्या वयाच्या आणि त्या कामाच्या मुलांसाठी. गवंडीकाम, सुतारकाम, नर्सिंगची तयारी, स्वयंपाक, गाड्यांची दुरुस्ती, शेती. शेतीचं तर वेगळं कॅम्पस आहे, ग्लिनलिव्हॉन नावाचं. आणि गावं कशी? ग्विनेथ नावाच्या भागात शंभरातली चौसष्ट माणसं वेल्श बोलतात. तिथून पूर्वेला कॉन्वीकडं गेलं की शंभरात सव्वीस. म्हणजे एका टोकाला आपलं औराद, दुसऱ्या टोकाला कलबुर्गी शहर, आणि कॉलेज एकच. आपल्यासारखंच.

फरक कुठं आहे? तिथं २०१७ चे भाषेचे नियम कॉलेजांना लागू आहेत. विद्यार्थ्यानं वेल्शमध्ये पत्र लिहिलं तर कॉलेजनं वेल्शमध्ये उत्तर द्यायचं. लेखी काम वेल्शमध्ये द्यायचा हक्क विद्यार्थ्याला आहे. दोन भाषा ही मुलाची घरगुती अडचण नाही, कॉलेजची जबाबदारी आहे. आणि मला सर्वांत आवडलेली गोष्ट ही की त्यांनी २०११ ला एक राष्ट्रीय वेल्श कॉलेज काढलं, त्याला स्वतःचं कॅम्पस नाही, विद्यार्थ्यांचे वर्ग नाहीत. ते काय करतं? जी कॉलेजं आहेत तिथंच वेल्शमधून शिकवणाऱ्या शिक्षकांना पैसा देतं, साहित्य तयार करतं. नवी वास्तू नाही, आहे त्या वास्तूत भाषेला खुर्ची.

आता तुमच्यातला कुणी म्हणेल, वेल्स कुठं, भालकी कुठं. बरोबर आहे. वेल्श ही त्या देशाची स्वतःची भाषा आहे, समोर इंग्रजी आहे. इथं समोर कन्नड आहे, आणि कन्नडला स्वतःलाच इंग्रजीनं रेटलंय. शिवाय मराठीला पलीकडं अख्खं राज्य आहे. मी वेल्सची नक्कल करा म्हणत नाही. मी एवढंच घेते की भाषेचा प्रश्न कॉलेजच्या व्यवस्थेत सोडवता येतो, त्यासाठी राज्याची सीमा हलायची वाट बघावी लागत नाही.

सीमेचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. दहावीचा निकाल मात्र दर वर्षी लागतो. दर वर्षी नवी मुलगी त्या खिडकीसमोर उभी राहते. कोर्टाचा निकाल लागेपर्यंत तिनं कुठं बसायचं?

या विषयावर मी मित्रांशी बोलते तेव्हा तीन प्रश्न हमखास येतात. त्यांची उत्तरं देते.

पहिला प्रश्न, मराठी पाहिजे तर उदगीरला जा की, अर्ध्या तासाची तर गोष्ट आहे. खरं आहे, उदगीरचं उदयगिरी महाविद्यालय १९६२ पासून आपल्या किती पिढ्यांना शिकवतंय. २०२२ चं साहित्य संमेलन तिथं झालं तेव्हा इकडून गाड्या भरून लोक गेले होते. जाणाऱ्यानं जरूर जावं. पण ज्याच्या बापाला खोलीभाडं परवडत नाही, ज्या मुलीला शक्ती योजनेत शून्य रुपयाच्या तिकिटावर आपल्या तालुक्याला जाऊन संध्याकाळी घरी येता येतं, तिच्यासाठी उदगीर अर्ध्या तासावर नसतं. फार लांब असतं. आणि जी मुलगी इथली आहे, जिचा बाप इथं मत देतो, इथं शेतसारा भरतो, तिनं शिकायला परराज्यात का जावं?

दुसरा प्रश्न, कन्नड शिका ना मग. शिकलंच पाहिजे. मी हे या व्यासपीठावरून ठामपणे सांगते, टाळ्या नाही पडल्या तरी चालेल. ज्या राज्यात राहायचं, तहसीलला जायचं, सरकारी नोकरीची कन्नड परीक्षा पास व्हायचं, तिथं कन्नड न येणं हे आपलंच नुकसान आहे. आणि कन्नड आपल्याला परकी कधी होती? गुरुचरित्र लिहिणारे सरस्वती गंगाधर कन्नड घरातले होते. गाणगापूरच्या स्वामींचं चरित्र त्यांनी मराठीत लिहिलं, आणि आज महाराष्ट्राच्या घराघरात त्याचं पारायण होतं. माणिकनगरच्या माणिक प्रभूंची पदं मराठीत आहेत, कन्नडमध्येही आहेत. आपल्या आजीला विचारा, बाजारात ती कोणत्या भाषेत घासाघीस करते ते तिचं तिलाच कळत नाही. तेव्हा कन्नड हवीच. पण कन्नड नीट शिकवा तरी. दहावीपर्यंत जिला कन्नड एका विषयापुरती शिकवली, तिनं अकरावीत कन्नडमधून अर्थशास्त्र समजून घ्यावं ही अपेक्षा धरता, तर मधे पूल बांधा.

तिसरा प्रश्न जरा अवघड आहे, आणि तो प्रामाणिक आहे. सोय केली तर मुलं येतील का? २०२१ साली प्रादेशिक भाषांतून इंजिनिअरिंगला परवानगी मिळाली. पुण्याजवळ पिंपरी-चिंचवडला मराठीतून कॉम्प्युटर इंजिनिअरिंग सुरू झालं. कर्नाटकात चार कॉलेजांनी कन्नडमधून शिकवायची तयारी दाखवली, त्यातलं एक आपल्या भालकीचं होतं. पण मुलांचा प्रतिसाद फारसा मिळाला नाही. का? कारण आईबापाला नोकरी दिसते, आणि नोकरी इंग्रजीत दिसते. यातून मी एक गोष्ट शिकले. सगळं मराठीतून द्या, असं मागायला गेलो तर आपल्याच घरातली माणसं त्या वर्गात बसणार नाहीत. म्हणून आपली मागणी वेगळी पाहिजे. मराठीचा हात धरून इंग्रजीपर्यंत आणि कन्नडपर्यंत नेणारी सोय पाहिजे.

उदाहरण देते. मी सायन्स सोडल्यावर एका कन्नड माध्यमाच्या मैत्रिणीबरोबर बसून शब्दांची यादी केली होती. बल. कन्नडमध्येही बल. संवेग. कन्नडमध्येही संवेग. गुरुत्वाकर्षण, कन्नडमध्ये गुरुत्वाकर्षणे. त्वरणाला तेवढं ते वेगोत्कर्ष म्हणतात. आम्ही दोघी हसत बसलो. ती पण ॲक्सलरेशनलाच अडखळली होती! आम्ही दोघी एकाच ठिकाणी पडलो होतो आणि एकमेकींना परकं समजत होतो. मराठी, कन्नड, इंग्रजी अशा तीन रकान्यांची चाळीस पानांची वही जर पहिल्या दिवशी मिळाली असती, तर आम्ही दोघी कदाचित सायन्समध्ये असतो.

म्हणून माझ्या मागण्या लहान आहेत. मुद्दाम लहान ठेवल्या आहेत, कारण मोठी मागणी भाषणात राहते आणि लहान मागणी अर्जावर लिहिता येते.

एक. औराद, कमलनगर, भालकी, बसवकल्याण, आळंद, या प्रत्येक तालुक्यात निदान एका सरकारी पीयू कॉलेजात मराठी भाषा विषय शिकवायची सोय. पूर्ण जागा देता येत नसेल तर एक लेक्चरर दोन-तीन कॉलेजांत वार लावून जाऊ शकतो. गेस्ट लेक्चरर तर आपल्याकडं सगळीकडं आहेतच. मराठीत एमए केलेली आपली मुलं घरी बसलीत.

दोन. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांसाठी पीयू आणि आयटीआयच्या सुरुवातीला सहा आठवड्यांचा जोडवर्ग. विषयाचे इंग्रजी शब्द, बोलायची कन्नड, आणि ती तीन रकान्यांची वही. कन्नड माध्यमाच्या मुलांनीही त्यात बसावं. हा वर्ग दोघांचाही आहे.

तीन. ॲडमिशनच्या, फीच्या, स्कॉलरशिपच्या सूचना मराठीतही लावा. १९५६ पासून कबूल केलेलं आहे की जिथं एखाद्या भाषेचे लोक १५ टक्के किंवा जास्त आहेत तिथं महत्त्वाच्या सूचना त्या भाषेतही द्यायच्या. ही भीक नाही, दिलेला शब्द आहे. स्कॉलरशिपची शेवटची तारीख न कळल्यामुळं शिक्षण सुटलेली मुलं या मंडपात बसलेली आहेत, हात वर करायला लावत नाही.

चार. नीटसारख्या परीक्षेत बीदर, कलबुर्गी, बेळगावच्या केंद्रांवर मराठीचा पर्याय. आणि सोलापूर, सांगलीच्या केंद्रांवर कन्नडचा. दोन्ही एका पत्रात मागायचं. फक्त आपलं मागितलं की ते आपलं भांडण होतं. दोघांचं मागितलं की तो न्याय होतो.

काही जण म्हणतील, २०२० मध्ये मराठा विकास प्राधिकरणाची घोषणा झाली होती, त्याच्यासाठी ५० कोटी जाहीर झाले होते, त्यातून होईल की. ते प्राधिकरण एका समाजासाठी आहे, भाषेसाठी नाही. मराठी बोलणाऱ्यांत मराठा आहेत, तसे महार, मांग, धनगर, लिंगायत, कोळी, मुसलमान सगळे आहेत. खिडकीसमोरची मुलगी कोणत्याही घरातली असू शकते. भाषेचा प्रश्न जातीच्या पेटीत टाकला की तो तिथंच कुलूपबंद होतो.

शेवटचं बोलते आणि थांबते.

आपल्याकडं सगळ्यात मोठी कमतरता घोषणांची नाही, आकड्यांची आहे. आपल्या तालुक्यात यंदा मराठी माध्यमातून किती मुलं दहावी पास झाली? त्यातली किती पीयूला गेली? किती आयटीआयला? फर्स्ट पीयूला किती राहिली? मी अधिकाऱ्यांकडं गेले की ते पहिला प्रश्न हाच विचारतात, किती मुलं आहेत? आणि आपण गप्प. १९६१ च्या त्या नियमातसुद्धा सगळं आकड्यावर आहे, ४०, १०, ६०, १५. आकडा दाखवला तर हक्क, नाही दाखवला तर तक्रार.

म्हणून आज इथून जाताना प्रत्येकानं एक काम घ्या. आपल्या गावच्या मराठी हायस्कूलमध्ये जा. हेडमास्तरांना नमस्कार करा, आणि यंदाच्या दहावीच्या मुलामुलींची यादी मागा. मग घरोघर जाऊन विचारा, पुढं काय केलं? जी मुलगी घरी बसली आहे, तिला विचारा, का बसली? नुसतं फोनवर नको, ओसरीवर बसून विचारा. नाव गुप्त ठेवा, आकडा लिहा. ज्या कॉलेजात मराठी विषय मिळाला नाही तिथं माहितीच्या अधिकारात एक अर्ज द्या, गेल्या पाच वर्षांत मराठी माध्यमातून आलेले विद्यार्थी किती. दिवाळीपर्यंत पाच तालुक्यांचे आकडे जमले तर पुढच्या जूनच्या आधी आपण बीदरला आणि कलबुर्गीला अर्ज घेऊन जाऊ. मी स्वतः येईन. माझी ती कन्नड माध्यमाची मैत्रीण पण येणार म्हणाली आहे, तिचं नाव मी आधीच यादीत घातलंय.

माझ्या चुलत बहिणीला दोन वर्षांची मुलगी आहे. तेरा-चौदा वर्षांनी ती दहावी होईल. तेव्हा तीही याच तालुक्याला, अशाच एका खिडकीसमोर मार्क्स कार्ड घेऊन उभी राहील. भाषेच्या रकान्यात ती मराठी लिहील की कन्नड, हे तिचं तिनं ठरवावं. फक्त तिनं लिहिलेलं तिला खोडायला लागू नये.